सिस्टरच्या वाफ्यावर राब

करंजाड्याच्या कमळाकर घरतांकडून कुणाची वाटी रिकामी परत जात नाही. शेजारून खीर आली तर त्याच वाटीतून तांदळाचे पापड जातात. कुणी गावाहून फणस आणून दिला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात सुक्या बोंबलांची जुडी पोचलेली असते. घेतलेलं अंगावर ठेवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. म्हणूनच दोन वर्षं त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. एक गोष्ट त्यांनी घेतली होती, आणि तिची फेड कशानं करायची हे काही सुचत नव्हतं. ती गोष्ट म्हणजे त्यांच्या बायकोचा डावा पाय.

कमळाकरदादांनी सत्तरी ओलांडली आहे. लहानपण मिठागरात गेलं, तरुणपण खाडीकाठच्या भातशेतीत. मग विमानतळासाठी जमिनी गेल्या, गाव उठलं, आणि बदल्यात मिळालेल्या भूखंडावर हे तीन मजली घर उभं राहिलं. वरचे मजले भाड्यानं दिलेले. खाली एका बाजूला दादा, त्यांची बायको रंभा आणि कळंबोलीत ट्रेलरचा धंदा करणारा मुलगा प्रितेश. दुसऱ्या बाजूच्या दोन खोल्यांत शोभा गोळे नावाच्या एक भाडेकरू. त्या पाचगणीच्या एका दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. भाऊ कळंबोलीला असतो, म्हणून निवृत्तीनंतर पनवेलला आल्या. एकट्याच असतात. त्यांना सगळं घर सिस्टर म्हणतं.

रंभाचं साखरेचं दुखणं जुनं. एका रविवारी चिंबोऱ्या साफ करताना कवचाचा एक तुकडा खाली पडला आणि तिच्या तळव्यात शिरला. साखरेनं बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ताच लागला नाही. लागला तोवर अंगठा काळा पडला होता. दवाखान्यात अंगठा काढला, आणि जखम भरली नाही तर घोट्यापासून पाय काढावा लागेल, असं सांगून तिला घरी पाठवलं. सिस्टर तेव्हा नुकत्याच राहायला आल्या होत्या. सामान अजून खोक्यांत होतं. पाण्याची वेळ विचारायला म्हणून त्या दादांच्या दारात आल्या आणि त्यांचं लक्ष रंभाच्या पायाकडे गेलं.

"ही पट्टी कोण बांधतं?"

"प्रितेश," रंभा म्हणाली.

"ट्रकवर ताडपत्री बांधतात तशी बांधलीय. उद्यापासून पाय माझ्याकडे."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून तो पाय त्यांच्याकडे गेला. रोज सकाळी चहा झाला की सिस्टर आपला ट्रे घेऊन यायच्या, रंभाच्या खाटेशी स्टूल ओढायच्या आणि पट्टी सोडायच्या. दादा विजेरी धरायचे. पहिल्या दिवशी त्यांना भोवळ आली होती. मग हळूहळू ते बघायला शिकले. सिस्टर काळं पडलेलं तेवढंच चिमट्यानं उचलायच्या आणि तांबडं दिसलं की हात थांबवायच्या. जखम कोरडी राहील हे बघायच्या. आणि काम झालं की रोज, न चुकता, "छान आहे" म्हणायच्या. तो पाय छान नव्हता. पण तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि पुढच्या गणपतीत रंभा काठी टेकत आरतीला उभी राहिली. पाय काढायचं म्हणणारे डॉक्टरच आता पायाकडे बघून मान हलवत होते.

दादांनी तांदूळ पाठवले. सिस्टरनी आभार मानून ठेवून घेतले आणि त्याच डब्यातून सातारी कंदी पेढे परत केले. दादांनी खाडीची ताजी कोलंबी पाठवली, तर त्यांनी तिचं कालवण करून अर्धं इकडेच धाडलं. भाडं कमी करायची गोष्ट काढली तेव्हा मात्र सिस्टर बिथरल्या. "असं काही कराल तर मी खोली सोडीन," म्हणाल्या. त्यानंतर दादांनी तो विषय काढला नाही. पण रंभा काठीचा टकटक आवाज करत घरात फिरायला लागली की त्यांच्या मनात तोच प्रश्न यायचा. हे असं फुकट कसं ठेवून घ्यायचं?

सिस्टर पाचगणीहून येताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून काही मुळं घेऊन आल्या होत्या. पांढरी, करंगळीएवढी जाड. घराच्या उत्तरेला, कंपाउंडच्या भिंतीलगत जी अरुंद पट्टी आहे, तिथे त्यांनी वाफा केला. नर्सरीवाल्यानं आधीच सांगितलं होतं की आल्स्ट्रोमेरिया थंड हवेचं झाड, इथे जगणार नाही, उगाच मेहनत करू नका. सिस्टरनी त्याचं ऐकून घेतलं आणि मातीत वाळू मिसळली. सकाळचं कोवळं ऊन लागेल, दुपारचं लागणार नाही, अशी हिरवी जाळी बांधली. मुळं गार राहावीत म्हणून वर पेंढा अंथरला. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली. ती पानंही विचित्र. देठाशी पीळ घेऊन उलटी होतात आणि पाठीची बाजू आकाशाला दाखवतात. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र फुलं आली. गुलाबीतून केशरीकडे झुकणारी, आणि आतल्या पाकळ्यांवर बारीक तपकिरी रेघा, एखाद्या मुलानं शाईच्या टाकानं ओढाव्यात तशा. पौषात सुरू झाली ती शिमगा उलटला तरी येतच होती.

"वास नाय," रंभानं पहिलं फूल हातात घेऊन निकाल दिला होता.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण पंधरवडाभर पेल्यात उभं राहतं."

ते खरंच होतं. गणपतीनंतरही बारीकशी पट्टी चालूच होती, आणि तिच्या त्या शेवटच्या दिवसांत सिस्टर एक दांडी स्टीलच्या पेल्यात ठेवून खाटेजवळच्या फळीवर मांडायच्या. पट्टी सुटायची वेळ आली की म्हणायच्या, "वहिनी, फुलाकडे बघा." रंभा बघायची. जखमेत काय चाललंय ते दादा बघायचे, फुलात काय चाललंय ते रंभा. तिला त्यातल्या रेघा पाठ झाल्या होत्या.

दादांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. सिस्टर ते फूल कात्रीनं कापत नसत. दांडी अगदी बुडाशी धरायच्या आणि एक हलका झटका देऊन ओढून काढायच्या. "कापलं तर मागे राहिलेला खुंट सडतो," त्या म्हणाल्या होत्या. "ओढलं की खालून नवा कोंब येतो. म्हणून तर इतके दिवस फुलतं." भाताची रोपं राबाच्या वाफ्यातून उपटताना हात असाच बुडाशी जातो, हे दादांच्या मनात आलं होतं. पण ते बोलले नाहीत. वाफा सिस्टरचा, काम सिस्टरचं. त्यांचं लक्ष रंभाच्या पायात होतं.

मे महिन्यात सिस्टरना नाशिकला जावं लागलं. त्यांच्या भाचीचं, निशाचं, दिवस भरण्याआधीच बाळंतपण झालं होतं. बाळ अगदीच नाजूक होतं. जन्मभर नर्स राहिलेली मावशी असताना ते घर दुसऱ्या कुणाला बोलावणार? दादा त्या दिवशी जासईला पुतण्याच्या हळदीला गेले होते. सिस्टर घाईघाईत रंभाशी बोलून निघाल्या. वाफ्याचं काय, असं रंभानं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्याला आता फार काही लागत नाही. आठवड्यातून थोडंसं पाणी दिलं तरी बास."

दादा हळदीहून परतले आणि दोन-चार दिवसांनी पाण्याची झारी घेऊन वाफ्यापाशी गेले. बघतात तर सगळं पिवळं पडलेलं. दांड्या आडव्या, पानांचा कागद झालेला. एखाद्या बागवाल्याला त्यात काही वेगळं दिसलं असतं. दादांना दिसलं ते कापणीनंतरचं भातखाचर. भात असंच पिवळं होतं, कापलं जातं, आणि मग ते शेत त्या वर्षापुरतं संपतं. पुढचं पीक पुढच्या बियाण्यातून. सिस्टर दोन्ही वर्षी पावसानंतर खुरपं घेऊन या वाफ्यात बसल्या होत्या, हे त्यांनी लांबून पाहिलं होतं. म्हणजे तेव्हा नवीन लावत असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. जमीन आता मोकळी आहे. आणि मोकळ्या जमिनीवर मे महिन्यात काय करायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

राब भाजायचा. पाऊस पडण्याआधी रोपांच्या जागेवर शेण, पातेरा, पेंढा आणि बारीक माती यांचे थर घालून ते हळूहळू जाळायचे. तण मरतं, किडे मरतात, राख मातीत उतरते आणि रोप जोमानं उठतं. दादांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या केलेलं. जमिनीला द्यायची यापेक्षा मोठी देणगी त्यांना ठाऊक नव्हती. झारी हातात घेऊन ते कितीतरी वेळ तिथे उभे राहिले. दोन वर्षं जे सुचत नव्हतं ते सुचलं होतं.

वडघरच्या शिवाच्या गोठ्यातून त्यांनी शेणाच्या पाट्या आणल्या. देवळामागच्या आंब्याखालचा सुक्या पानांचा पातेरा गोणीत भरला. पेंढ्यासाठी दोन ठिकाणी फिरले. आता पेंढा तरी कुठे मिळतो? सगळे थर हातानं चोपून बसवले, वाऱ्याची दिशा पाहिली आणि वाऱ्याच्या उलट टोकाला काडी लावली. धूर वर गेला तशी दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू भावना खिडकीतून ओरडली, "काका, कपडे वाळत घातलेत!"

"राब हाय, पोरी. निवेल आता."

"काय आहे?"

"काय नाय. खिडकी लाव."

जमीन गेल्यापासून त्यांनी राब भाजला नव्हता. त्या पावलाएवढ्या पट्टीवर आग सावकाश सरकत होती आणि ते काठी घेऊन तिला सांभाळत होते, कुठे दाबत, कुठे मोकळं करत. शेणाचा तो वास अंगाला चिकटून घरात आला तेव्हा रंभा म्हणाली, "आज तुमाला गावाचा वास येतोय." ते हसले. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

रविवारी सिस्टरचा फोन आला. रंभाला ऐकायला कमी येतं म्हणून ती फोन नेहमी मोठ्या आवाजात लावते. बाळाचं वजन, निशाचं दूध, नाशिकचं ऊन असं सगळं झालं. मग सिस्टर म्हणाल्या, "वाफ्यातली पानं सुकली असतील ना? घाबरू नका हं, वहिनी. ते मेलेलं नसतं. खाली मुळं झोपलेली असतात. पाऊस सरला की तीच उठतात. पाचगणीपासूनची मुळं ती, दर वर्षी तीच."

रंभानं दादांकडे पाहिलं. दादा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"वहिनी? ऐकू येतंय ना?"

"येतंय, येतंय," रंभा म्हणाली. "वाफा हाय. जागेवर हाय."

रंभानं फोन ठेवला. डोक्यावरून एक विमान गेलं.

"झोपल्याली पोरं भाजलीत तुमी," ती म्हणाली.

"मना काय माहीत?"

"विचारायचं होतं."

"राब भाजायला कुणी विचारतं का?"

रंभाही शेतकऱ्याचीच मुलगी. तिच्या बापानंही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दादा खुरपं घेऊन वाफ्याच्या एका कोपऱ्यात बसले. वरची माती भुसभुशीत आणि काळी झाली होती, कुठल्याही भातवाल्यानं खूश व्हावं अशी. बोटभर खाली पहिलं मूळ लागलं. तपकिरी, मऊ, शिजलेल्या करांद्याच्या कंदासारखं. दुसरं तसंच. मग आणखी खाली, वीतभर खोलीवर, एक मूळ लागलं. त्याची वरची बाजू काळवंडली होती, पण खाली ते पांढरं आणि टणक होतं. नखानं जरासं खरवडलं, तर ओलं. दादांनी काळं झालेलं तेवढं नखानं काढून टाकलं, पांढरं दिसलं तिथे हात थांबवला आणि माती परत लोटली. अख्ख्या वाफ्यात त्यांनी तेच केलं, अंधार पडेपर्यंत. मेलेलं वेचून बाजूला, जगलेलं झाकून जागेवर. बाजूचा ढीग मोठा होता.

प्रितेश कामावरून आला आणि सगळं ऐकून घेऊन खिशातून मोबाईल काढला. "सोपं हाय, बाबा. हे बघा, ऑनलाइन मिळतात कंद. रंगपण तोच दिसतोय. मागवतो, लावून टाकू. त्यांना कळणारपण नाय."

"सिस्टरनी खोट्या पट्ट्या बांधल्या असत्या तर तुझ्या आईचा पाय राहिला असता काय?"

"कुठली गोष्ट कुठे लावता, बाबा."

"मागवू नकोस."

प्रितेशनं तरी मागवले. तो बापाची अवस्था बघून गप्प बसणारा मुलगा नव्हता. पुढच्या आठवड्यात पाकीट आलं. दादांनी ते न फोडता फळीवर ठेवून दिलं. सिस्टर येतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायचं, आणि आपण काय केलं ते तोंडानं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. फोनवर नाही. ही फोनवर सांगायची गोष्टच नव्हती. ज्या बाईनं वर्षभर बायकोचा कुजका पाय मांडीवर घेतला, तिला हे तोंडासमोर उभं राहून सांगायचं.

पण ठरवणं सोपं, पाऊस अवघड. पनवेलचा पाऊस म्हणजे चार महिने जमीन पाण्याखाली. जखमी मुळांना तेवढं पाणी लागलं तर उरलेलीही कुजणार. दादांनी वाफ्यावर बांबूंचा सांगाडा करून प्लास्टिक ताणलं. भोवती चिकणमातीचा बांध घातला आणि उताराच्या टोकाला फळीची एक छोटी उघाडी बसवली. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला आणि सोडायला असते, तशी. मिठागरात भरती आत घेण्यासाठी धडपड असायची, इथे पाणी बाहेर काढण्यासाठी. रोज सकाळी ते फळी उचलून साचलेलं पाणी सोडून द्यायचे. मग वाफ्याकडे बघत बसायचे. कधीकधी हात आपोआप मातीकडे जायचा. एका सकाळी ते असेच बोटांनी कोपरा उकरत असताना काठी टेकत रंभा मागे येऊन उभी राहिली.

"सिस्टर माझी पट्टी रोज सोडायची," ती म्हणाली. "पण जखमेत बोट घालायची नाय."

दादांनी हात झटकला. त्यानंतर त्यांनी वाफ्यावर पेंढ्याचा चांगला जाड थर घातला, स्वतःपासून वाचवण्यासाठी, आणि पुन्हा माती उकरली नाही.

दर रविवारी सिस्टरचा फोन यायचा. बाळ बाळसं धरत होतं, मग उपडं पडायला लागलं. दादा नेमके त्याच वेळी बाहेर असायचे, दुधाला किंवा कळंबोलीला किंवा उगाचच रस्त्याच्या टोकापर्यंत. "दादा हल्ली फोनवर येत नाहीत?" सिस्टरनी एकदा विचारलं. "कामात हाय," रंभा म्हणाली. "त्यांनी काम काढून ठेवलंय." गणपती आले आणि गेले. रंभा काठीवर उभी राहून आरती म्हणाली, आणि दादा डोळे मिटून उभे राहिले. काय मागितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण बायकोनं ओळखलं असणार. नवरात्र गेलं. वाफ्यावर पेंढा तसाच होता. काही हललं नव्हतं.

दिवाळी उलटली आणि एके दिवशी सकाळी रिक्षा दारात थांबली. सिस्टर उतरल्या तेव्हा दादा फाटकातच होते. पांढरी टोपी हातात धरून, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे.

"सिस्टर, बॅग खाली ठेवू नका. आधी ऐका."

"अहो, जड आहे, दादा."

दादांनी बॅग त्यांच्या हातातून घेतली आणि ती तशीच हातात धरून उभे राहिले. "तुमचा वाफा मी भाजला."

"भाजला म्हणजे?"

"राब भाजला. शेण, पेंढा घालून. मना वाटलं पीक संपलं. जमीन तयार करून ठेवावी, तुमी आल्यावर तुमाला बरं वाटेल."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय. तुमी आमच्या घरासाठी एवढं केलंत, म्हणून..."

"म्हणून माझा वाफा जाळलात?"

"हो," दादा म्हणाले.

दारातून रंभाचा आवाज आला. "सिस्टर, एकदा चांगल्या शिव्या घाला त्यांना. सहा महिने यांना जेवण गोड लागलं नाय. मनापण लागू दिलं नाय."

सिस्टरनी शिव्या घातल्या नाहीत. पदर खोचला आणि वाफ्याकडे चालू लागल्या. बॅग घेऊन दादा मागोमाग. वाफ्याशी आल्यावर त्यांनी एखाद्या पेशंटची विचारपूस करावी तसं सगळं विचारून घेतलं. शेण ओलं होतं की सुकं? आग किती वेळ होती? दुसऱ्या दिवशी पाणी घातलं का? दादा एकेक सांगत गेले. काही लपवलं नाही. मेलेल्या मुळांचा ढीग केवढा होता तेही हातानं दाखवलं.

"आणि बाकीच्यांचं काय केलंत?"

"काळं झालं होतं तेवढंच काढलं. पांढरं दिसलं तिथं थांबलो. मग कोरडं ठेवलं."

सिस्टरनी मान वर केली. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमीच. विजेरी कोण धरत होतं?"

सिस्टर खाली बसल्या. बांधाकडे पाहिलं, उघाडीची फळी वर-खाली करून पाहिली. मग दोन्ही हातांनी पेंढ्याचा थर उचलायला लागल्या, घाई न करता, कडेकडेनं सोडवत. पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, सोडवायची, हे दादांनी त्यांच्याच हातात पाहिलेलं होतं. त्यांना वाटलं, आता "छान आहे" असं ऐकू येणार, आणि ते ऐकायची त्यांना भीती वाटली.

"पेंढा किती घातलात हो, दादा," सिस्टर म्हणाल्या. "लेकरांना वर यायला वाट तरी ठेवायची."

दादा वाकले. पेंढ्याखाली, अंधारात वाढलेले, पिवळट पांढरे कोंब होते. एक इथे, दोन भिंतीशी, एक उघाडीच्या तोंडाशी. काही पेंढ्याला टेकून वाकडे झालेले. पूर्वी दाटी असायची, तशी नव्हती. मोकळी जागाच जास्त होती. पण कोंब होते. कमळाकरदादांनी बॅग खाली ठेवली, उपरण्यानं तोंड पुसलं आणि फाटकाकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले.

"या वर्षी फुलं थोडी येतील," सिस्टर त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाल्या. "पण राखेनं रंग चढेल बहुतेक."

"खोटं बोलता, सिस्टर."

"नर्सला थोडं बोलावं लागतं."

दादांनी फळीवरचं पाकीट आणून दिलं, आणि त्यातले कंद सिस्टरनी मोकळ्या जागेत लावायला लावले. जेमतेम दोन रुजले. दादा त्यांना अजून भाडेकरू म्हणतात. पाचगणीच्या मुळांना मात्र थंडी पडली तसा हुरूप आला. पानं आली, देठाशी पीळ घेऊन उलटी झाली. पौष सरता सरता पहिली कळी उमलली. रंग पूर्वीसारखाच होता, चढलाबिढला नव्हता.

सिस्टरनी दादांना हाक मारली. "ओढा."

"मी?"

"मग कोण? हात बुडाशी न्या."

हात कुठे न्यायचा ते सांगायची गरज नव्हती. दादांनी दांडी बुडाशी धरली, मनगटाला एक छोटा झटका दिला, आणि ती खटकन मोकळी झाली, खाली काही न फाडता. त्यांनी खाली वाकून पाहिलं. जिथून ती निघाली होती तिथेच शेजारी एक नवं टोक मातीतून डोकावत होतं. सिस्टरनी आपल्या स्टीलच्या पेल्यात पाणी घालून ती दांडी त्यात ठेवली आणि पेला त्यांच्या हातात दिला. "वहिनींना द्या."

रंभाच्या खाटेजवळच्या त्याच फळीवर पेला ठेवून झाल्यावर दादा घुटमळले. पेला सिस्टरचा. रिकामा परत द्यायचा नाही, ही घराची रीत. ते स्वयंपाकघरात डोकावले, डब्यांची झाकणं उघडू लागले.

"काय शोधताय?"

"पेल्यातनं काय द्यावं ते बघतोय."

"फूल हाय ना त्यात," रंभा म्हणाली. "सुकल्यावर बघा. आन् काय भाजून देऊ नका म्हणजे झालं."

फूल पंधरवडाभर सुकलं नाही. रंभा रोज सकाळी उठून आधी तिकडे बघायची आणि "आजपण हाय" म्हणायची. त्याच्या पाकळ्या गळायला लागल्या त्याच्या आदल्याच दिवशी वाफ्यात दुसरी दांडी तयार झाली, आणि ती ओढून दादांनी त्याच पेल्यात उभी केली. मग तिसरी. शिमगा झाला, आंब्यांना कैऱ्या लागल्या, तरी पेला काही रिकामा होईना. आता तो सिस्टरचा पेला परत न करता घरात ठेवायची कमळाकरदादांना हळूहळू सवय होते आहे. रोज सकाळी ते त्यातलं पाणी बदलतात.